पिवळा पट्टा

लालबागपासून दादरपर्यंतच्या एकूण एक भिंती माझ्या आतोबांना ओळखतात, असं मी म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण ज्यांनी त्यांना रस्त्याने चालताना पाहिलं आहे ते माझ्या बाजूने साक्ष देतील. ते फुटपाथच्या आतल्या अंगाने चालतात आणि उजवा तळहात शेजारच्या भिंतीवरून फिरवत जातात. देवळाची भिंत, बँकेची भिंत, शाळेची भिंत, कशाचा विधिनिषेध नाही. मध्येच थांबतात, हात टेकवून डोळे मिटतात, मान हलवतात आणि पुढे निघतात. एकदा पोलीस चौकीच्या भिंतीशी हा प्रकार चालला असताना आतून हवालदार बाहेर आला आणि म्हणाला, "काय ओ आजोबा, काय चाललंय?" आतोबा शांतपणे म्हणाले, "सायबानू, तुमची भिंत तापली हा. आत बसणाऱ्यांका राग येता तो हयसूनच." हवालदाराने स्वतः हात लावून पाहिला आणि त्यांना चहा पाजला. पुढे कित्येक दिवस तो त्यांना लांबूनच विचारायचा, "आजोबा, आज कशी आहे आमची भिंत?"

ते कोणाच्याही घरी गेले की आधी घरातल्या माणसांना नमस्कार करत नाहीत, पश्चिमेच्या भिंतीला करतात. चपला काढायच्या, सरळ आत जायचं, हात टेकवायचा आणि मगच "कशे आसात?" म्हणायचं. माझी आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, या सवयीला आयुष्यभर वैतागली. "लगीन माझ्यावांगडा लावल्यानी आणि संसार भिंतीवांगडा केल्यानी," हे तिचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं. मी दहावीला होते तेव्हा आमच्या दादरच्या घरी येऊन त्यांनी माझं अभ्यासाचं टेबल ज्या भिंतीला लागून होतं तिची तपासणी केली आणि वडिलांना म्हणाले, "पोरगी हुशार आसा. भिंत नापास." टेबल त्याच दिवशी समोरच्या भिंतीला गेलं. मला मार्क चांगले पडले. त्याचं श्रेय मी, माझी इंग्रजी शाळा आणि क्लासचे सर यांच्यापैकी कोणालाही मिळालं नाही. आत्याच्या चाळीत सगळीकडे ते टेबलाला मिळालं.

हे वेड त्यांना गिरणीतून लागलं. ते सूतकताईवर किंवा मागावर नव्हते, हवेच्या खात्यात होते. कापूस कातताना हवा ठरावीक ओली असावी लागते; कोरडी झाली की सूत तुटतं. ती हवा राखणं हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे एक यंत्र होतं: लाकडी पट्टीवर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर, एक कोरडा, एकाच्या टोकाला ओलं फडकं, आणि एका बाजूला मूठ. मूठ धरून ते हवेत गरगर फिरवायचं आणि थांबवून दोन्ही आकडे वाचायचे. गिरणी बंद पडली तेव्हा कोणी काय काय आणलं, आतोबांनी हे आणलं. चाळीतली मुलं त्याला आतोबांचा खुळखुळा म्हणायची. तो त्यांच्या पिशवीत कायम असे आणि कुठे बाहेर काढतील याचा नेम नसे. परळच्या एका हॉलमध्ये माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, त्यांना हवा जड वाटली. ते उठले, मधल्या जागेत उभे राहिले आणि डोक्यावर खुळखुळा फिरवू लागले. मुलाकडच्यांना वाटलं, आमच्याकडची काहीतरी पद्धत असेल. दोघा-तिघांनी भक्तिभावाने अक्षताही टाकल्या. भटजी थांबले. आतोबांनी आकडे वाचले, खिशातल्या वहीत लिहिले आणि जाहीर केलं, "पुढच्या अर्ध्या तासात म्हाताऱ्यांका घेरी येतली. पंखे लावा, दारां उघडा." दारं उघडली गेली. घेरी कोणाला आली नाही, आणि ती आपल्यामुळेच आली नाही असं ते अजून मानतात.

मी लहानपणापासून फारशी बोलत नाही. नातेवाईकांत गेले की एखादा कोपरा शोधून बसते. आतोबांना हे आवडायचं, कारण तेही भिंतीपाशीच बसायचे. ते मला मालवणीत काही तरी सांगायचे, मी अर्धं समजून मान हलवायची. पुढे मी आर्किटेक्चरला गेले आणि इमारतीच्या भिंतींतून उष्णता कशी आत येते हे इंग्रजी पुस्तकांतून शिकले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की यातलं पुष्कळसं मला आधीच माहीत आहे. फक्त ते मला एका म्हाताऱ्या माणसाने हात धरून, भिंतीवर टेकवून शिकवलं होतं. "बाय, हात लाव. माणूस खोटा बोलता, भिंत बोलणा नाय."

त्यांची लालबागची खोली पश्चिमेच्या टोकाला होती. आत्याला अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली, तेव्हापासून ती त्या खोलीत खाटेवर असे. खाट ठेवायला जागा एकच, पश्चिमेच्या भिंतीला लागून. दुपारी ऊन फिरलं की ती भिंत तव्यासारखी होई. पंख्याने तीच गरम हवा फिरे, आणि एसीच्या गारव्याने आत्याची लुळी बाजू आखडून जाई. तेव्हा आतोबांनी एक उपाय काढला. त्या काळी गणपतीला थर्माकोलची मखरं असत. विसर्जन झालं की आतोबा वाडीवाडीतून फिरत आणि लोकांनी टाकलेली मखरं गोळा करून आणत. दोन-तीन गणपतींत त्यांनी ती अख्खी भिंत आतून थर्माकोलने मढवली. त्यात कुठे राजवाड्याचे खांब होते, कुठे कमळाच्या पाकळ्या, एका ठिकाणी सिंहासनाची पाठ, आणि आत्याच्या उशाशी पिसारा फुलवलेला एक मोर, ज्याला मान नव्हती. पाहुणे आले की हसून बेजार होत. "वैनी, तुम्ही म्हणजे कायमच्या मखरात बसलात," असं शेजारची मंडळी म्हणायची, आणि आत्या तोंड वाकडं करून म्हणायची, "व्हय, पण माझा विसर्जन करूक कोण तयार नाय." पण दुपारी तीनला त्या खोलीत शिरलं की गार वाटायचं. खुळखुळ्याचे आकडे वहीत होते. हसणाऱ्यांना आतोबा वही दाखवायचे.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. खालचे सहा मजले जुन्या भाडेकरूंना, वरचे विकायला. मी तेव्हा नुकतीच दादरच्या एका ऑफिसात लागले होते. नवी इमारत ऊर्जेच्या कायद्यात बसते की नाही याचं गणित करून देणं हे आमच्या ऑफिसचं काम. चाळ रिकामी करायच्या आधी मी आत्याकडे गेले, तर आतोबा भिंतीवरचा थर्माकोल सोडवून त्याचे गठ्ठे बांधत होते. भाड्याच्या खोलीत आणि नंतर नव्या घरात तो पुन्हा लावायचा होता. मला काय झालं कोण जाणे, मी, जी कधी कोणाला काही सांगत नाही, त्या दिवशी सांगायला बसले. म्हटलं, आतोबा, हे फार धोक्याचं आहे, ठिणगी पडली तर भडकतं, आत्याला उठता येत नाही. आणि आता याची गरजही नाही. आता कायदाच आहे. भिंतीतून किती उष्णता आत येऊ द्यायची याला मर्यादा आहे. जवळ एक लग्नपत्रिका पडली होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांना नव्या भिंतीचा छेद काढून दाखवला. भाडेकरूंच्या सभेत बिल्डरने तोच नकाशा दाखवला होता. बाहेरून प्लास्टर, मग ब्लॉक, मग उष्णता अडवणारा थर, मग पुन्हा प्लास्टर. शेजारच्या मुलीची रंगपेटी घेऊन तो थर मी पिवळ्या रंगाने भरला.

आतोबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "ह्या कायद्यात लिवला हा?"

"हो."

"तू स्वतः वाचलंस?"

"वाचलं."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. गठ्ठे जिन्यावरून खाली नेले आणि कचऱ्याच्या गाडीत दिले. "मोर तरी ठेवा ओ," आत्या म्हणाली. "बाय म्हणाली जळता म्हणान," एवढंच ते म्हणाले, आणि मोरही गेला. कोणत्याच माणसाच्या शब्दावर हात लावून खात्री केल्याशिवाय न विसंबणारा हा माणूस त्या दिवशी माझ्या शब्दावर विसंबला. लग्नपत्रिकेवरचं चित्र त्यांनी घडी करून खुळखुळ्याच्या पिशवीत ठेवलं.

वर्षभराने त्याच टॉवरची फाईल आमच्या ऑफिसात आली. मी ऑफिसच्या सरांना सांगितलं की या इमारतीत माझे नातेवाईक राहणार आहेत. सर म्हणाले, "मग बरंच आहे, आपुलकीने करशील." आमचे सर वाईट नाहीत. सकाळी शिवाजी पार्कला चालायला जातात, कोणावर आवाज चढवत नाहीत, वाढदिवसाला केक आणतात. नव्या नकाशात वरच्या मजल्यांच्या भिंतींना पिवळा थर होता, चांगला जाड, काचाही दुहेरी. खालच्या सहा मजल्यांची भिंत बदलली होती. ओतीव काँक्रीट, पातळ, सरळसोट, आणि पिवळं काही नाही. मला वाटलं, हे पास होणार नाही. मी गणित घातलं, आणि पास झालं. कारण त्या गणितात इमारतीच्या सगळ्या भिंतींतून येणारी उष्णता एकत्र करायची असते आणि सगळ्या क्षेत्रफळाने भागायची असते. वरच्या भिंती इतक्या चांगल्या होत्या की खालच्या त्यांच्या आड सहज लपल्या.

मी सरांच्या टेबलापाशी गेले. "सर, खालच्या सहा मजल्यांचं वेगळं काढून बघू का?"

"कोणी मागितलंय?"

"नाही, मागितलं कोणी नाही."

"मग?"

या "मग?"ला काय उत्तर द्यायचं हे मला माझ्या शाळेत शिकवलं नाही. तिथे विचारल्याशिवाय बोलायचं नाही एवढंच शिकवलं होतं, आणि ते मी फार चांगलं शिकले. मी जागेवर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत कागद तयार केला, खाली "तयार करणारे" या शब्दांपुढे माझी आद्याक्षरं घातली आणि पाठवून दिला. आतोबांना काही बोलले नाही. त्या दिवशीही नाही, आणि पुढे इमारत उभी राहत होती ती सगळी वर्षंही नाही. त्या काळात ते दर रविवारी बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहत. आत सोडत नसत. कुंपणाच्या पत्र्यालाच हात लावून परत येत आणि फोनवर मला सांगत, "पत्रो तापलेलो, पण तो पत्रोच. आत तुझो पिवळो पट्टो आसा." मी "हो" म्हणत असे.

घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. आतोबांना चौथा मजला मिळाला, पश्चिमेचा कोपरा. सगळ्यांनी अभिनंदन केलं; खिडकीतून सूर्यास्त दिसतो म्हणून आत्या लहान मुलीसारखी खूश झाली. गृहप्रवेश पावसाळ्यानंतर झाला. हवा बरी होती, भिंती कोऱ्या होत्या. पूजेला गेले तेव्हा माझं लक्ष फक्त आतोबांच्या उजव्या हाताकडे होतं. ते आले, भिंतीशी उभे राहिले, हात टेकवला. मग माझ्याकडे पाहून हसले. सकाळचे दहा वाजले होते.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "बाय, वेळ गावलो तर येऊन जा. दुपारची ये." मी रविवारी तीन वाजता गेले. आत्याची खाट पश्चिमेच्या भिंतीला लागून होती, कारण नव्या खोलीतही खाटेला जागा तीच. तिच्या आणि भिंतीच्या मध्ये आतोबांनी ओले पंचे टांगले होते. पंचे सुकत आले की ते उठत, बादलीत बुडवत, पिळत, पुन्हा टांगत. त्यामुळे खोली थोडी गार आणि फार दमट झाली होती, आणि दमट हवेत आत्याला धाप लागते हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार. म्हणजे पंचे ठेवले तरी पंचाईत, काढले तरी. त्यांनी एक पंचा बाजूला केला.

"हात लाव."

मी लावला, आणि काढून घेतला.

त्यांनी पिशवीतून लग्नपत्रिका काढली, घड्या उघडल्या, मला दाखवली. आवाज अजिबात चढला नव्हता. "ह्यातलो पिवळो पट्टो खंय गेलो?"

मी त्यांना सगळं सांगितलं. वरच्या भिंती, खालच्या भिंती, बेरीज, भागाकार. ते लक्ष देऊन ऐकत होते, एखादा नवा कामगार खात्यातली रीत ऐकतो तसे. शेवटी म्हणाले, "म्हणजे वरच्यांच्या पुण्याईवर आमी पास."

"हो."

"तुका ठाऊक होता?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काहीही म्हणता आलं असतं. त्या भिंतीसमोर मात्र आलं नाही.

आत्या खाटेवरून म्हणाली, "अवो, पोरीक पाणी तरी देवा आधी. उन्हातसून इली." आतोबांनी उठून मला पाणी दिलं. मग स्टुलावर बसून पंचा पिळता पिळता म्हणाले, "गिरणीत एक मॅनेजर होतो. त्याका रजिस्टरात दिवसाची सरासरी लागायची. सकाळी हवा ओली, दुपारी कोरडी, सरासरी एकदम बरोबर. नि सूत तुटला की पगार कामगाराचो कापायचो. मी त्याका सांगितलंय, सायबा, सूत सरासरीत तुटणा नाय. दुपारी तीनाक तुटता." मॅनेजरने काय उत्तर दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला वाटतं तो "मग?" म्हणाला असावा.

त्यानंतर मी जे काही केलं ते फार उशिरा केलं. आतून न जळणारा थर लावायचा म्हटलं तर खोली तेवढी अरुंद होते आणि आत्याची चाकाची खुर्ची खाटेपाशी वळत नाही. मी टेप घेऊन तीनदा मोजलं. बाहेरून लावायचा तर सोसायटीची परवानगी हवी. चारचौघांत मी आयुष्यात पहिल्यांदा कोणी न विचारता बोलले ते त्या कमिटीसमोर. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं, कपाटातून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, बिल्डिंग कायद्यात बसते. हे बघा. तुमच्याच ऑफिसचा कागद आहे ना?" खाली माझी आद्याक्षरं होती. कमिटीतल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, आम्हालाही गरम होतं. उन्हाळा आहे, होणारच की." सगळे हसले. मी कागद त्यांना परत केला.

आता दर वर्षी मार्च लागला की आतोबा घर बंद करतात. आत्याला खुर्चीतून खाली आणतात, गाडीत बसवतात आणि गावी, भावाच्या जांभ्या चिऱ्याच्या गार घरी नेतात. ज्या घरासाठी त्यांनी आयुष्याची इतकी वर्षं वाट पाहिली, ते सूर्यास्तासकट कुलपात जातं. पाऊस स्थिरावला की परत येतात. पहिल्या वर्षी निघताना त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. माझे वडील, शेजारी, चाळीतले जुने सोबती असे तीन-चार पर्याय होते. त्यांनी मलाच का निवडलं हे मी अजून विचारलेलं नाही. चावीबरोबर खुळखुळा दिला आणि वही दिली. "सांजची ये, खिडक्यो उघड. भिंतीक वारो लागांदे. नि आकडे लिही."

"रोजचे?"

"रोजचे. जसे येतील तसे." मग गाडीचं दार लावता लावता काच खाली करून म्हणाले, "सरासरी काढू नको."

मी ऑफिस सुटलं की लालबागला जाते. नोकरी तीच आहे. अशी कुठलीही इमारत आली की खालच्या मजल्यांचं वेगळं गणित आता मी कोणी न मागताच करते आणि फाईलला जोडते. सर ते बहुतेक वेळा काढून टाकतात, आणि मी पुन्हा जोडते. आतोबांच्या खोलीत कोणी नसतं. मी खिडक्या उघडते, रिकाम्या खोलीच्या मध्ये उभी राहून खुळखुळा फिरवते, आणि समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन बघतात. मला पूर्वी लाज वाटली असती. आकडे लिहिते, मग भिंतीला तळहात टेकवते. सात वाजून गेलेले असतात, ऊन केव्हाच उतरलेलं असतं, पण भिंत अजून गरमच असते, ताप न उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

मग गावाहून फोन येतो. मागून आत्याचा आवाज आधी ऐकू येतो, "पोरीक इचारा जेवली काय ती, मगे भिंतीचा बघा." आतोबा तिचं कधीच ऐकत नाहीत. "बाय," ते म्हणतात, "काय म्हणता ती?"

मी आकडा सांगते. खुळखुळ्यावर आला तोच. पलीकडे ते तो आकडा स्वतःशी पुन्हा एकदा उच्चारतात, आणि मग म्हणतात, "बरा. आता जेव जा."